काटा सुधारला

१

काटेबाईंचं खरं नाव नोकरीच्या कागदांवर होतं आणि तिथंच पडून होतं. बाकी जगासाठी त्या काटेबाई. एक तर काम वजनकाटे तपासायचं, त्यात जीभ काटेरी. नाव चिकटायला आणखी काय लागतं? दुकानं, गोदामं, टपाल, दवाखाना, झाडून सगळ्यांचे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. एका खांद्याला पितळी वजनांची पेटी, कमरेला शिशाच्या सीलांची पिशवी आणि काखेत वही. एकोणीस वर्षांत त्यांनी कुणाची भीड धरली नव्हती आणि वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी खाणीची पाळी असायची. खाणीतल्या लिफ्टला सगळे पाळणा म्हणायचे. त्या पाळण्यातून सहा मिनिटं खाली गेलं की नववा थर, म्हणजे तळ. तिथं एका खोलीत खडकाचे नमुने पिशव्यांत भरून वर तपासणीला पाठवायचे, आणि त्या पिशव्या जोखायला आढ्याच्या आकड्याला स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. काम सोपं. दहा किलोचं प्रमाण वजन काट्याला लटकवायचं. सुई दहावर आली तर ठीक. नाही आली, तर मागचा स्क्रू ती दहावर येईपर्यंत फिरवायचा, सील ठोकायचं आणि वहीत लिहायचं, ‘काटा दोषी. सुधारला.’

सात महिने हा काटा दोषी निघत होता. पहिल्यांदा पंधरा ग्रॅम कमी दाखवले, मग तीस, मग पंचावन्न. बाई दर खेपेला तोंडातल्या तोंडात काट्याच्या कारखान्याचा उद्धार करायच्या, स्क्रू फिरवायच्या आणि वर यायच्या. तळाशी उकाडा फार, ओल फार, स्प्रिंग थकली असेल, असं त्यांनी धरलं होतं.

आता थकलेली स्प्रिंग जास्त लोंबते, म्हणजे वजन जास्त दाखवते. ही कमी दाखवत होती. एवढी साधी गोष्ट बाईंच्या ध्यानात यायला हवी होती, आणि आली नाही याची टोचणी त्यांना पुढं जन्मभर राहिली.

२

घरात बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंच. आई गेली तेव्हा बाई चौदा वर्षांच्या आणि हा दोन वर्षांचा. तेव्हापासून त्याचं नाक पुसण्यापासून त्याला नोकरीला लावण्यापर्यंत सगळं बाईंनीच केलेलं. धाकटा आता एक्केचाळीसचा झाला होता, तरी बाईंच्या लेखी तो अजून रस्ता ओलांडताना हात धरायच्या वयाचाच होता. खाणीत तळाच्या पंपावर त्याची नोकरी. खडकातून पाझरणारं पाणी एका मोठ्या खड्ड्यात जमायचं, ते उपसून वर पाठवायचं. सहा वर्षांपूर्वी शिडीवरून पडून त्याचा उजवा गुडघा मोडला तो कायमचा अधू झाला. घरात तो चालला की एक पाऊल वाजायचं आणि एक घासटायचं. बाईंना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो ऐकूनच त्या गॅस पेटवायच्या.

तर एका सकाळी त्याच्या डब्याचं झाकण बसेना. बाईंनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं, मग दुसऱ्या डब्याशी लावून पाहिलं. डबा लहान झाला होता. कुठं पोचा नाही, चीर नाही. चारी बाजूंनी सारखा, अगदी थोडासा आत आलेला. झाकण मात्र आदल्या दिवशी घरीच विसरलेलं, जुन्या मापाचं. बाईंनी विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, डबा तो पंपाच्या कठड्यावर ठेवतो, एरवी त्याला काही करत नाही. तुझ्या हातची भाजी पाहून आकसला असेल. बाईंनी त्याला झारा दाखवला आणि दुसरा डबा भरून दिला.

पण त्या दिवसापासून त्या त्याच्याकडं नीट बघायला लागल्या. त्याच्या शर्टाच्या बाह्या बोटांवर येत होत्या. कपडे धुऊन आटतात, वाढत नाहीत. पोरगा वाळलाय, असं बाईंनी स्वतःला सांगितलं आणि त्याच्या पानात एक घास जास्त वाढायला सुरुवात केली. आणखी एक म्हणजे धाकटा हल्ली कामावर उड्या मारत जायचा. जादा पाळ्या मागून घ्यायचा. खाली गुडघा दुखतच नाही म्हणायचा.

एकदा जेवताना तो म्हणाला, “ताई, खडक बोलायचा थांबलाय गं. इतकं शांत वाटतं तिथं.”

बाईंचा घास हातातच राहिला. तळाशी दोन किलोमीटर खडकाचा भार डोक्यावर असतो. त्या भारानं लाकडी टेकू करकरतात, भिंती तडतडतात, त्यालाच खाणीतली माणसं खडक बोलतो म्हणतात. तो बोलतोय तोवर कामगार निवांत बिडी ओढतात. एवढा भार जाईल कुठं, आणि गेलाच नसेल तर गप्प का बसेल, हे धाकट्याला विचारावं असं बाईंच्या मनात आलं. पण तो इतक्या समाधानानं जेवत होता की त्यांनी विचारलं नाही.

३

पुढच्या आठवड्यात नमुन्याच्या खोलीतल्या काट्याचा आकडा तुटला आणि दुरुस्तीसाठी काटा घराच्या तळमजल्यावरच्या बाईंच्या कार्यशाळेत आला. भर दुपारी, खिडकीपाशी, बाईंनी नवा आकडा बसवला आणि सवयीनं दहा किलोचं वजन टांगलं.

सुई दहावर थांबली नाही. दहा किलो सहाशे पन्नासवर जाऊन उभी राहिली.

बाईंनी वजन उतरवलं, पुसलं, पुन्हा टांगलं. तेच. दुसरं वजन टांगलं. तेच. मग त्यांनी दोन्ही वजनं तराजूत समोरासमोर टाकली, दांडी सरळ. वजनं खरी होती. काटाच सहाशे पन्नास ग्रॅम जास्त सांगत होता, आणि त्या काट्यावर सील त्यांचं स्वतःचं होतं.

त्यांनी वही काढली. पंधरा, तीस, पंचावन्न, ऐंशी, एकशे दहा, दीडशे, दोनशे दहा. बेरीज साडेसहाशे. दर महिन्याला स्क्रू पिळून जितकं त्यांनी वाढवलं होतं, ते सगळं काट्यानं आता वर येऊन एकदम ओकलं होतं. काटा कधी बिघडलेलाच नव्हता. तळाशी दहा किलोचं वजन खरोखरच हलकं होत होतं, काटा बिचारा सात महिने तेच ओरडून सांगत होता आणि त्या सात महिने त्याचं तोंड बंद करत होत्या.

बाई स्टुलावर बसल्या. त्यांना नोकरीच्या सुरुवातीचं प्रशिक्षण आठवलं. तराजू फसतो, गुरुजी सांगायचे, कारण तो एका वस्तूशी दुसरी ताडून बघतो. दोन्ही सारख्याच हलक्या झाल्या तर त्याला पत्ता लागत नाही. ओढ किती आहे ते फक्त स्प्रिंगला कळतं. मग ते हटकून एक प्रश्न टाकायचे. पृथ्वीच्या पोटात, पार मधोमध गेलात तर तुमचं वजन किती? कुणीतरी म्हणायचं, शून्य, कारण सगळीकडून सारखीच ओढ. शाबास, मग तिथं मजेत तरंगाल का? वर्ग हो म्हणायचा. नाही, गुरुजी म्हणायचे, वजन शून्य, पण दाब सगळ्यात जास्त. सगळी पृथ्वी चारी बाजूंनी तुमच्यावर बसलेली असेल. हलकं वाटेल आणि चेपले जाल, हीच मध्याची खूण.

पण तो मध्य हजारो किलोमीटर खाली. खाण दोनच किलोमीटर. एवढ्याशा खोलीनं वजनात पडणारा फरक केसाएवढा, स्प्रिंगच्या काट्याला तो दिसायचाही नाही. बाईंनी हे दोनदा हिशोब करून ताडून पाहिलं. हलकं होत होतं. डबा चेपला गेला होता. म्हणजे तळ कशाच्या तरी मध्याजवळ होता. कशाच्या, हा प्रश्न बाईंनी बाजूला सारला. धाकट्याची पाळी सकाळी सुरू झाली होती आणि तो या घडीला तिथंच होता, याच्यापुढं त्यांना काही सुचत नव्हतं.

४

खाणीचे मोठे साहेब सभ्य माणूस. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, काटा बघितला, वही बघितली. मग म्हणाले, खाली वजन कमी होत असेल तर आम्ही सहकुटुंब राहायलाच जातो. बाई हसल्या नाहीत तेव्हा त्यांनी गंभीर होऊन उकाडा, ओल आणि जुनी स्प्रिंग यांची नावं घेतली. बाईंनी तीच नावं सात महिने घेतली होती, त्यामुळं त्यांना साहेबांचा राग येईना. एकोणतीस माणसं खाली आहेत, त्यांना वर घ्या, एवढंच त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. साहेब म्हणाले, एका काट्यासाठी खाण बंद ठेवायची आज्ञा कुठल्या नियमात आहे ते दाखवा.

नियम म्हटल्यावर बाई उठल्या. त्या थेट पाळण्याच्या इंजिनघरात गेल्या. पाळण्यात किती भार आहे ते दाखवणारी एक मोठी तबकडी तिथं भिंतीवर होती, आणि भारकाटा दोषी असेल तर पाळण्यानं माणसं न्यायची नाहीत, फक्त खालची तेवढी वर आणायची, हा नियम बाईंना पाठ होता. त्यांनी तबकडी तपासली. बरोबर होती, इतकी बरोबर तबकडी त्यांनी वर्षात पाहिली नव्हती. त्यांनी तिच्यावर लाल सील ठोकलं आणि वहीत लिहिलं, ‘काटा दोषी.’

एकोणीस वर्षांतलं पहिलं खोटं. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ आलं.

साहेबांनी फार आदळआपट केली, पण सीलपुढं त्यांचं काही चालेना. तीन खेपांत अठ्ठावीस माणसं वर आली, कान चोळत, जांभया देत. धाकटा त्यांत नव्हता. पंपवाल्यानं पंप सोडायचा नाही असाही एक नियम होता. बाईंनी खाली फोन लावला. तो म्हणाला, मी मजेत आहे, ताई, तू घरी जा. त्याचा आवाज जवळून आल्यासारखा होता, पण प्रत्येक शब्द दाबून लहान केलेला.

बाईंनी फोन ठेवला आणि पाळणेवाल्याला म्हणाल्या, “मला खाली सोड.”

“बाई, सील तुम्हीच लावलंत.”

“मीच लावलं, मीच मोडते. एका खेपेपुरतं. मी तीन ठोके दिले की ओढायचं, आणि काही झालं तरी थांबायचं नाही.”

५

पाळणा उतरत गेला तसे बाईंचे कान बसत गेले. त्यांनी आवंढे गिळले, नाक धरून फुंकलं. कान मोकळे होऊन पुन्हा बसले. सातव्या थराखाली खांद्यावरची पेटी हलकी लागायला लागली. ती दर महिन्याला अशीच लागायची. आपल्याला सवय झाली असं त्यांना वाटायचं. माणूस स्वतःला काय काय सांगतो.

तळाशी दिवे लागलेले होते. नमुन्याच्या खोलीत आढ्याचा आकडा रिकामा होता. बाईंनी पेटीतून ओळंबा काढला आणि त्याला टांगला. दोरा सरळ लोंबायला हवा. तो तिरका लोंबला, पंपाच्या दिशेनं. वाऱ्यानं असेल म्हणून त्यांनी दार लावलं, फटीला रुमाल कोंबला आणि शंभर आकडे मोजले. ओळंबा हलत नव्हता. स्थिर होता आणि तिरका होता. बाईंनी किती बोटं तिरका आहे ते मोजून वहीत लिहिलं. भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, पण मोजायचं सोडून घाबरत बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

बोगद्यात करकर नव्हती, तडतड नव्हती. पंपाचा आवाजही कापसातून आल्यासारखा येत होता, कान इतके बसले होते. बाई भिंतीला हात लावून चालत राहिल्या. दर पावलागणिक पाय जरा जास्त उचलला जात होता, आणि छातीवर आणि पाठीवर एकाच वेळी कुणीतरी तळवा टेकवतंय असं वाटत होतं.

६

धाकटा कठड्यावर बसला होता, उजवा पाय लांब सोडून, लहानपणी ओट्यावर बसायचा तसा. त्याची पाठ बाईंकडं होती. हेल्मेट मानेपर्यंत खाली आलं होतं.

त्याच्यापलीकडं खड्ड्यातलं पाणी सपाट नव्हतं. सुपात धान्याची रास व्हावी तसं ते मधोमध वर चढलं होतं आणि सांडत नव्हतं. त्या राशीच्या टोकावर, दिव्याचा उजेड विरतो तिथं, खडकाची बारीक कच हवेत होती. सगळ्या बाजूंनी येत होती, अगदी सावकाश, आणि एका जागेकडं वळत होती. बाईंनी त्या जागेकडं पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ पाहिलं. तिथं काही नव्हतं, हे त्या अजून शपथेवर सांगतील. पण त्या काही नसलेल्या जागेनं त्यांच्याकडं तोंड फिरवलं, एवढं त्यांना कळलं, आणि दातांच्या मुळांपर्यंत दाब गेला.

“परवा ते खाली पंपाच्या नळीपाशी होतं,” धाकटा मागं न बघता म्हणाला. “आता कठड्याशी आलंय. वर सरकतंय, ताई. आणि गुडघा अजिबात दुखत नाही गं.”

“ऊठ. घरी चल.”

“घरी जिना चढायला लागतो.”

एरवी बाई दोन शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्याच्या आवाजात कुरकुर नव्हती. सहा वर्षं या माणसानं एक पाऊल दुखल्याशिवाय टाकलं नव्हतं आणि आपण नुसता त्याचा आवाज ऐकून गॅस पेटवत राहिलो, हे त्यांना तेव्हा लख्ख दिसलं. समजावत बसायला वेळ नव्हता. त्यांनी वजनांची पेटी तिथंच टाकली, पुढं झाल्या, त्याच्या काखेत एक हात घातला, गुडघ्यांखाली दुसरा, आणि त्याला उचललं.

तो उचलला गेला. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, चार वर्षांच्या पोराइतका हलका. त्यानं आश्चर्यानं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग मुकाट्यानं त्यांच्या गळ्यात हात टाकले.

मागं पेटी सरकत गेल्याचा आवाज आला, मग पितळेवर पितळ दाबलं गेल्याचा. बाई वळल्या नाहीत. पाळण्यात शिरून त्यांनी कोपरानं घंटेचे तीन ठोके दिले.

वर येताना भार परत यायला लागला. आठव्या थराला हात भरून आले. सातव्याला खांदे जळायला लागले. सहाव्याला धाकटा कळवळला, गुडघा जागा झाला होता. त्याचं ते कण्हणं ऐकून बाईंना आयुष्यात झाला नव्हता एवढा आनंद झाला. पाचव्याला त्या त्याच्यासकट खाली बसल्या, पण त्याला त्यांनी सोडलं नाही.

७

पंप बंद पडल्यानं तळात पाणी भरलं, असं साहेबांच्या अहवालात आहे. खाण बंद आहे. बाईंवर चौकशी लागली. खोटं सील लावल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी कबूल केलं आणि बाकीचं सांगितलं ते कुणी लिहून घेतलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते काट्याचं. सात महिन्यांत पिळलेला स्क्रू उलटा फिरवून त्यांनी तो पुन्हा खरा केला. कार्यशाळेत दहा किलोची दोन वजनं उरली होती, त्यातलं एक टांगून काटा तिथल्या खिडकीत ठेवून दिला. रोज सकाळी उठलं की आधी काटा. रोज दहा. वरून धाकट्याची पावलं येत, एक वाजणारं, एक घासटणारं. मग त्या जाऊन त्याचा गुडघा शेकून देत. आता नुसता गॅस पेटवण्यावर भागत नव्हतं.

तेविसाव्या सकाळी सुई पंधरा ग्रॅम अलीकडं होती.

बाईंनी खिडकी लावली. वजन पुसलं. दुसरं टांगलं. तराजूत दोन्ही ताडून पाहिली. दांडी सरळ, ती सरळच राहणार होती. मग त्यांचा हात आपसूक स्क्रूवर गेला. एकोणीस वर्षांची सवय. एक चिमूटभर पिळलं की सुई दहावर येणार होती आणि दिवस नेहमीसारखा सुरू होणार होता.

जिन्यावर पावलं वाजली. एक वाजलं. दुसरंही वाजलं. दोन्ही सारखी, एकामागोमाग एक, दाराशी येऊन थांबली.

“ताई,” धाकटा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता, “आज गुडघा दुखत नाहीये.”

बाईंनी हात स्क्रूवरून काढला. वही उघडून तारीख घातली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘काटा बरोबर.’ मग त्यांनी स्क्रूवर सील ठोकलं, कुणी तो सुधारू नये म्हणून, आणि चपला घालून गल्लीतल्या पहिल्या घराचं दार वाजवायला निघाल्या.